पन्नास नंबरावरची खोली

माझ्या कामाला अजून धड नाव पडलेलं नाही. कोणी 'नेटवाल्या ताई' म्हणतं, कोणी 'वायफायवाली'. नाशिकच्या सिडकोतल्या एका आजोबांनी तर मला दारात बघून आत आवाज दिला होता, "अगं, राउटरची डॉक्टरीण आली!" माझं नाव रेहाना. आधी अंबडला एका कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करत होते. तिथलं आमचं खातं बंद झालं, तेव्हा पक्कड, टेस्टर आणि एक जुना लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत टाकला आणि घरोघरी जाऊन नेटवर्क लावायला लागले. बाईमाणूस स्टुलावर चढून माळ्यात डोकं घालतंय, हे बघायला सुरुवातीला शेजारीपाजारी जमायचे. आता कोणी जमत नाही. यालाच मी प्रगती समजते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कळवणच्या एका कांदा व्यापाऱ्यांनी राउटर चोरीला जाईल म्हणून लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावलं होतं, आणि घरात रेंज का येत नाही म्हणून माझ्याशी भांडत होते. एका काकूंनी राउटरला काळा दोरा बांधला आणि नेट खरंच सुधारलं. कारण दोरा बांधण्यासाठी त्यांनी तो फ्रिजच्या मागून काढून खिडकीत ठेवला होता. दोऱ्याचं श्रेय दोऱ्याला.

अशा गोष्टी सांगून मी चार माणसांना हसवते. एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाही, कारण ती ऐकून कोणी हसत नाही. लोक उठून आपल्याच घरातल्या वायरी कुठून कुठे गेल्यात ते बघायला लागतात. ती इथे लिहिते.

त्याआधी थोडं कामाचं सांगायला हवं. राउटर म्हणजे त्या घरापुरता पोस्टमन. मोबाईल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, जे जे म्हणून जोडलेलं असतं त्या प्रत्येकाला तो एक नंबर देतो. हा नंबर बहुधा तात्पुरता असतो. लॉजवर खोली मिळते तसा, आज ही तर उद्या दुसरी. मोबाईलला त्यानं काही फरक पडत नाही. पण कॅमेऱ्याला किंवा प्रिंटरला कायमचा नंबर लागतो, कारण त्याला शोधत दुसरं कोणीतरी येणार असतं. पत्ता रोज बदलला तर तो सापडणार कसा? म्हणून आम्ही त्याला एक नंबर पक्का ठोकून देतो. त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. पूर्ण नंबर लांबलचक असतो, पण एका घरात फक्त शेवटचा आकडा बदलतो, म्हणून आम्ही बोलताना तेवढाच धरतो. अकरा नंबर, वीस नंबर, पन्नास नंबर.

यात पथ्य एकच. एकाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. चुकून दिला, तर त्या नंबराला हाक मारल्यावर कधी हा ओ देतो, कधी तो.

पाथर्डी फाट्याकडे रो-हाउसची एक कॉलनी आहे. तिथे गांगुर्डे बाई राहतात. निवृत्त शिक्षिका. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, त्यातली बरीच सुरगाण्याच्या डोंगरात झालेली. यजमान गेलेले, एकुलता मुलगा नितीन बंगळुरूला. त्याचा मला फोन आला. आवाज घाबरलेला नव्हता, थकलेला होता.

"मॅडम, आईकडे जरा जाऊन याल का? ती एकटी असते म्हणून मी घरात चार कॅमेरे लावून घेतलेत. आता ती म्हणते, हॉलच्या कॅमेऱ्यात कोणीतरी मुलगी दिसते."

"घरात कामाला वगैरे कोणी मुलगी?"

"कोणी नाही. मी माझ्या फोनवर तोच कॅमेरा बघतो. मला आमचा हॉल दिसतो, सोफा दिसतो, आई दिसते. बाकी काही नाही." जरा थांबून तो म्हणाला, "डॉक्टरांना दाखवलंय. विसरायला लागली आहे ती. ते म्हणाले, यात कधीकधी भासही होतात. इकडे एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय. पुढच्या महिन्यात आणतोय तिला. तुम्ही फक्त कॅमेरा तपासून तिला सांगा की आत कोणी नाही. माझं ती ऐकत नाही."

असलं काम मला नको होतं. वायर तपासणं वेगळं आणि कोणाच्या आईला 'तुम्हाला भास होतोय' म्हणून सांगणं वेगळं. पण त्याच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून गेले.

टळटळीत दुपार होती. बाईंनी दार उघडलं. उंच, ताठ, केस घट्ट बांधलेले, साडीला कडक इस्त्री. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. सगळं घर जागच्या जागी. त्यांनी मला बसवलं, चहा करून दिला. मी कप खाली ठेवला, तोच त्यांनी विचारलं, "चहा घेणार ना?"

"आत्ताच घेतला की, बाई."

त्या ओशाळल्या. कपाकडे बघत राहिल्या. मला नितीनचं बोलणं आठवलं आणि वाटलं, पोरगा खोटं सांगत नाहीये.

मग त्यांनी टॅब माझ्यापुढे ठेवला. त्यावर चार चौकोन होते: फाटक, स्वयंपाकघर, जिना आणि हॉल. हॉलच्या चौकोनात आम्ही दोघी बसलेलो दिसत होतो.

"आत्ता नाही दिसत ती," बाई म्हणाल्या.

"कधी येते?"

"ती येत नाही हो. ती तिथेच असते. त्या चौकोनात कधी ती दिसते, कधी मी दिसते."

हॉलमध्ये पंखा चालू होता, तरी माझ्या मानेवर घाम आला.

"काय करते ती?"

"उठते. दाराशी जाते. दार ढकलून बघते. परत येऊन बसते. मग वर बघते, अगदी माझ्याकडे. काहीतरी बोलते, पण आवाज येत नाही. आधी दुपारचीच दिसायची, हल्ली केव्हाही दिसते. आणि आता उठतही नाही. पडून असते नुसती." त्यांचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं वर्गात पोरं बघितली मी. न जेवता आलेलं पोर चेहऱ्यावरून कळायचं मला. ही मुलगी उपाशी आहे."

माझ्या बापाच्या वयाचे लोक मला सांगत आलेत की राउटरमध्ये करणी असते, मोबाईलमध्ये जिन्न असतो. त्यांच्याशी मी हसून बोलते. बाईंशी हसून बोलता येईना. त्या भुताबद्दल बोलत नव्हत्याच. एका उपाशी मुलीबद्दल बोलत होत्या.

मी ठरवलं, हॉलचा कॅमेराच उतरवावा. चौकोन काळा झाला की निदान एवढं तरी सिद्ध होईल की चित्र ह्याच कॅमेऱ्यातून येतं. स्टुलावर चढले, स्क्रू काढले, मागची वायर उपटली. कॅमेऱ्याचा लाल ठिपका विझला. तो हातात घेऊन मी खाली उतरले.

"बघा बाई, आता हॉल बंद झाला."

त्यांनी टॅब माझ्याकडे फिरवला.

चौकोन काळा झाला नव्हता. चित्र जरा अडकलं, थरथरलं आणि मग त्यात एक खोली आली. पिवळट भिंती, खिडकी नाही. एका बाजूला खोक्यांची चळत. समोर बंद दार. आणि भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर डोकं टेकून बसलेली एक मुलगी.

कॅमेरा माझ्या हातात होता. त्याच्या मागे वायर नव्हती.

"या अल्लाह," माझ्या तोंडून निघालं.

"तुम्हालाही दिसते ना?" बाईंनी विचारलं.

"दिसते."

त्यांनी डोळे मिटले आणि सोफ्यावर टेकल्या. "मग ठीक. मला वाटायला लागलं होतं, नितीन म्हणतो तेच खरं असेल."

भीती वाटली की माझे हात आपोआप कामाला लागतात. तेवढं एक मला कारखान्यानं शिकवलं. मी लॅपटॉप काढला. हॉलच्या कॅमेऱ्याचा नंबर पन्नास होता, बसवणाऱ्यानं तो पक्का ठोकलेला होता. मी पन्नासला हाक मारली. कॅमेरा माझ्या शेजारी सोफ्यावर मेल्यासारखा पडलेला, आणि पलीकडून ओ आली. पुन्हा हाक मारली, पुन्हा ओ.

म्हणजे ह्याच घराच्या जाळ्यात, ह्याच नंबरावर, दुसरा एक कॅमेरा जिवंत होता. त्याच कंपनीचा, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यालाही तसाच ठेवलेला. आपल्याकडे निम्म्या घरांत तो कोणी बदलतच नाही. त्यामुळे टॅबला दोघांत फरक कळत नव्हता. जो आधी ओ देईल त्याचं चित्र तो दाखवत होता. नितीनचं वेगळं होतं. तो बंगळुरूहून बघायचा तेव्हा त्याचा फोन घरातला नंबर विचारतच नव्हता. प्रत्येक कॅमेऱ्याला कारखान्यातूनच एक खूण मिळालेली असते, तिच्यावरून तो थेट हॉलच्या कॅमेऱ्याकडे जात होता. त्याला कायम हॉलच दिसणार. मुलगाही खरं सांगत होता आणि आईही.

पण ती खोली होती कुठे?

माळ्यावर एक डबा होता, ज्यात घरातल्या सगळ्या वायरी येऊन मिळतात. असल्या डब्यातून कॅमेऱ्यांना वीजही वायरीतूनच जाते, वेगळा प्लग लागत नाही. चार कॅमेऱ्यांच्या वायरी नव्या कोऱ्या होत्या, एक राउटरची. आणि त्यांच्या मागे आणखी एक होती, धुळीनं राखाडी झालेली. ती मी उपटली.

"गेली!" खालून बाई ओरडल्या. "अहो, काय केलंत? गेली ती!"

मी घाईनं ती परत खोचली. अशा कॅमेऱ्याला पुन्हा जागं व्हायला जरा वेळ लागतो. तो वेळ माळ्यावर पोटावर पडून काढणं मला फार जड गेलं. मग खालून आवाज आला, "आली. आली हो."

ती राखाडी वायर माळ्यावरून मागच्या खोलीत उतरत होती आणि तिथल्या भिंतीत बसवलेल्या प्लास्टिकच्या पाईपमध्ये शिरत होती. त्या खोलीत बाईंची जुनी पुस्तकं आणि एक पलंग होता. भिंत घराची शेवटची. पाईप भिंतीला चिकटून खाली येत नव्हता की वर जात नव्हता. सरळ आरपार गेलेला होता.

"ह्या भिंतीमागे काय आहे, बाई?"

"मागच्या गल्लीतलं घर. रो-हाउस पाठीला पाठ लावून बांधलीत ना. त्यांचं तोंड तिकडे, आमचं इकडे. कोण राहतं तेही माहीत नाही."

पुढे चौकशीत कळलं की ही दोन्ही घरं पूर्वी एकाच ठेकेदाराची होती. इकडे तो राहायचा, तिकडे त्याचं गोदाम आणि ऑफिस. दोन्हींचं जाळं एकच, म्हणून त्यानं भिंत भोकसून वायर नेली होती आणि तिकडच्या कॅमेऱ्याला पन्नास नंबर ठोकून दिला होता. घरं वेगवेगळी विकली गेली, वायर आणि माळ्यावरचा डबा तसाच राहिला. मागे जे राहायला आले त्यांना वाटलं, कोपऱ्यातला तो कॅमेरा जुना आणि बंद आहे. त्यांच्याकडून त्याला वीज नव्हतीच. त्याला जगवत होतं बाईंचं घर.

पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी बाईंना म्हणाले, "टॅब घेऊन इथे या. फक्त तिच्याकडे बघत राहा."

आणि मी बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवलं. ठक, ठक, ठक.

बाईंचा हात माझ्या खांद्यावर येऊन घट्ट आवळला. मी टॅबकडे बघितलं. चित्रातल्या मुलीनं गुडघ्यांवरचं डोकं उचललं होतं. तिनं वर कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. मान वळवून तिनं पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं. म्हणजे आमच्याकडे.

मी पुन्हा वाजवलं. ती गुडघ्यांवर सरकत वळली. उजवा हात उचलताना तिला किती कष्ट पडत होते ते त्या छोट्या चौकोनातही कळत होतं. तिनं तळहात भिंतीवर मारला. चित्राला आवाज नव्हता. आवाज भिंतीतून आला.

आयुष्यात मी शॉक खाल्लेत, छतावरून पडले आहे. पण त्या दिवशी अंगावर आला तसा काटा ना आधी कधी आला, ना नंतर.

"मी वाजवत राहते," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा. पळा!"

मागच्या गल्लीत जायला अख्ख्या कॉलनीला वळसा घालावा लागतो. घर सापडलं. फाटकाला कुलूप, दाराला कुलूप, पडदे ओढलेले. शेजारच्या ओट्यावर एक बाई धान्य निवडत होत्या.

"ते लोक इंदूरकडे लग्नाला गेलेत. येणार होते कधीच, पण अजून आले नाहीत."

"घरात कोणी आहे का? एखादी मुलगी?"

"कामाला एक आदिवासी पोरगी आहे. ती पण गेली असेल की बरोबर. बाहेर कुठे दिसायची नाही फारशी."

मी पोलिसांना फोन लावला. काय सांगायचं हा प्रश्नच होता. 'भिंतीमागे मुलगी आहे' म्हटलं तर पलीकडचा माणूस विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आमच्या धंद्यात पहिला धडा असतो की कामाच्या ओघात दुसऱ्याचं काही दिसलं तरी ते बघायचं नाही. आणि मी दिवसाढवळ्या परक्याच्या घरात डोकावून आले होते. मी एवढंच सांगितलं, "आत एक मुलगी कोंडलेली आहे. भिंत वाजवतेय. लवकर या."

एक हवालदार आणि एक महिला पोलीस आल्या. कुलूप तोडायला ते कां-कूं करत होते. मी म्हणाले, "माझ्याबरोबर पुढच्या गल्लीत चला आणि भिंतीला कान लावा." हवालदार गेले. परत आले ते पळतच. त्यांनी शेजाऱ्यांना साक्षीला उभं केलं आणि कुलूप तोडलं.

आत सगळं घर टापटीप होतं. मागच्या खोलीला बाहेरून कडी आणि कडीला आणखी एक कुलूप. ते तुटलं आणि दार उघडलं तेव्हा आधी वास आला, मग ती दिसली. टॅबवर दिसत होती तशीच, भिंतीशी. महिला पोलिसांनी तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, तरी तिनं भिंतीवरचा हात काढला नाही. आणि त्या शांततेत मला भिंतीतून आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. पलीकडे बाई वाजवतच होत्या.

मी वर बघितलं. कोपऱ्यात काळा कॅमेरा आणि धुळीखाली जेमतेम दिसणारा त्याचा लाल ठिपका. बाई मला बघत असणार. मी हात वर करून 'सापडली' अशी खूण केली. भिंतीतला आवाज थांबला.

तिचं नाव यमुना. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, विशीतली. ओळखीच्या माणसानं कामाला म्हणून आणून सोडली होती. घरातले सगळे दुकानावर गेले की तिला त्या खोलीत कोंडून जायचे, चोरी करेल म्हणून. लग्नाला जाताना तांदूळ, बिस्किटं आणि शेगडी देऊन कोंडलं. खोलीला न्हाणीघर होतं, त्यामुळे पाण्याची काळजी नाही असं त्यांनी धरलं. पण टाकी भरायच्या मोटरचं बटण बाहेर होतं. नळ आटला. तिकडे लग्नघरी कोणीतरी आजारी पडलं आणि त्यांचा मुक्काम लांबला. नंतर पोलिसांपुढे त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं आहे: "विसरलोच होतो हो आम्ही तिला." ते खोटंही नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

नितीन मिळेल त्या विमानानं आला. पोलीस ठाण्यात बाईंचा जबाब चालू होता आणि साहेब जरा आडवळणानं विचारत होते, "आजी, तुम्हाला औषधं चालू आहेत ना? डोक्याची?" नितीन उभा राहिला. "साहेब, औषधं चालू आहेत. भास होतात हे मी म्हणालो होतो, तिनं नाही. तिला जे दिसलं ते खरं होतं. तसं लिहून घ्या." बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. वृद्धाश्रमाचं नाव त्यानंतर निघालं नाही. तो घरूनच काम मागून नाशिकला राहायला आला. केस अजून चालू आहे.

भिंतीतली ती वायर मी पोलिसांचा पंचनामा झाल्यावर स्वतः कापली आणि भोक सिमेंटनं बुजवलं. हॉलच्या कॅमेऱ्याला नवा नंबर दिला. पन्नास कोणालाच दिला नाही.

पाऊस संपल्यावर बाई म्हणाल्या, "मला पोरीला बघायचंय." आम्ही दोघी जीपनं सुरगाण्याला गेलो. बाईंना ते सगळे घाट पाठ होते, कुठल्या वळणावर कोणतं गाव ते मला सांगत होत्या. यमुनाच्या आईनं नागलीची भाकरी केली. यमुना बाहेर पडवीत बसली होती. घरात झोपत नाही, आई म्हणाली. थंडी असली तरी बाहेरच.

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. यमुना त्यांच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "पाणी सरलं तवा मी मरायलाच टेकलेली. पण दुपारचं भिंत वाजायची. म्हनून राह्यले."

"मी वाजवली ना, त्या दिवशी," मी म्हणाले.

"त्या दिवशीचं नाय. आधीपासून. लय दिवस. मी हळूच हात मारायची, तिकडून कोनतरी वाजवायचं. तीन येळा. रोज. मला वाटायचं, चला, पलीकडं मानूस हाय."

मी बाईंकडे बघितलं. त्या गोंधळून म्हणाल्या, "नाही हो. मला तर भिंतीमागे काय आहे तेही ठाऊक नव्हतं. तुम्हीच नाही का शोधलंत?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. येताना जीपमध्ये त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या, "मी नाही वाजवलं. कोण वाजवत असेल हो?" जुन्या घरांत पाईप वाजतात, असं काहीतरी बोलले. माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला नाही. त्या घरात बाईंशिवाय कोणी राहतच नव्हतं.

गेल्या महिन्यात नितीननं बोलावलं, राउटर बदलायला. बाई आता बरंच विसरतात. मी कोण ते त्यांना आठवलं नाही. यमुना म्हटलं तर त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "कितवीत आहे?" नितीन चहा करायला आत गेला. मी राउटर उघडून बसले होते. दुपार होती.

बाई उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. पलंगावर बसल्या, वाकून भिंतीवर पेरांनी वाजवलं. ठक, ठक, ठक. मग कान भिंतीला लावून थांबल्या. यमुनाला कोण ओ देत होतं ते मला तेव्हा कळलं. त्या रोज वाजवत होत्या आणि रोज विसरत होत्या.

मागचं घर तेव्हापासून रिकामं आहे. माणसं सोडून गेलीत, दाराला कुलूप आहे. मी दारात उभी राहून विचारलं, "कोणाला वाजवता, बाई?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पलीकडे एक मुलगी आहे. एकटी असते बिचारी. इकडे कोणी नाही असं तिला वाटायला नको."

आणि त्यांनी पलंगावर सरकून मला जागा करून दिली. मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, त्यांच्या शेजारी बसले आणि भिंतीला कान लावला.